हमीदाराचे युद्ध : श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेविषयीच्या वादाचा आढावा

शेजारच्या देशात यादवी पेटली की काय करावे, हा राज्यकर्त्यांपुढचा जुना पेच आहे. स्वस्थ बसावे तर निर्वासित, शस्त्रे आणि संताप सीमा ओलांडून येतात. सैन्य पाठवावे तर परक्याच्या भांडणात आपली माणसे मरतात आणि परतीची वाट सापडत नाही. १९८७ मध्ये भारताने सैन्य पाठवण्याचा मार्ग निवडला. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली आणि २४ मार्च १९९० रोजी तिची शेवटची तुकडी परतली. मधल्या ३२ महिन्यांत फौज वाढत चार डिव्हिजनांपर्यंत, म्हणजे सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात गेली. सुमारे १,२०० भारतीय जवान मृत्युमुखी पडले. ज्या ‘लिट्टे’ (लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईळम) या तमिळ बंडखोर संघटनेला निःशस्त्र करायचे होते ती टिकून राहिली आणि पुढे आणखी १९ वर्षे लढली.

या मोहिमेवर मुत्सद्दी, सेनाधिकारी, पत्रकार, कायद्याचे अभ्यासक आणि श्रीलंकेतील लेखक यांनी विपुल लिहिले आहे. तरी वाद मिटलेला नाही. त्याचे एक कारण असे की या लेखनात चार वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात: भारताने जायला हवे होते का, त्याला तसा अधिकार होता का, गेल्यावर काम नीट झाले का, आणि ज्यांच्या भूमीवर हे घडले त्यांच्या वाट्याला काय आले. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नावर लादले की चर्चा भरकटते. म्हणून आधी पार्श्वभूमी, मग घटनाक्रम, नंतर मुख्य भूमिका आणि शेवटी अनिर्णित मुद्दे, असा क्रम येथे ठेवला आहे.

पार्श्वभूमी : १९४८ ते १९८७

१९८१ च्या जनगणनेनुसार श्रीलंकेच्या लोकसंख्येत सिंहली सुमारे ७४ टक्के, श्रीलंकन तमिळ १२ टक्क्यांहून थोडे अधिक, मुस्लिम ७ टक्के आणि चहामळ्यांतील भारतीय वंशाचे तमिळ साडेपाच टक्के होते. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मळ्यांतील लाखो तमिळांना नागरिकत्व नाकारले. १९५६ मध्ये एस. डब्ल्यू. आर. डी. बंदरनायके यांच्या सरकारने सिंहली ही एकमेव राजभाषा केली. सरकारी नोकऱ्या आणि विद्यापीठ प्रवेश यांवरून असंतोष वाढत गेला. सत्ताविभागणीचे करार झाले आणि मोडले. १९७६ च्या वड्डुकोड्डै ठरावात मवाळ तमिळ नेत्यांनीही स्वतंत्र राज्याची मागणी स्वीकारली. १९८१ मध्ये जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले.

२३ जुलै १९८३ रोजी जाफन्यात लिट्टेच्या हल्ल्यात १३ सैनिक मारले गेले. त्यानंतर कोलंबोसह अनेक ठिकाणी तमिळांच्या कत्तली झाल्या. हजारो कुटुंबे पाल्कची सामुद्रधुनी ओलांडून तमिळनाडूत आली आणि श्रीलंकेचा प्रश्न भारताच्या अंतर्गत राजकारणात शिरला. दिल्लीने दोन वाटा एकाच वेळी धरल्या. एकीकडे जी. पार्थसारथी यांच्यामार्फत मध्यस्थी सुरू झाली. १९८५ मध्ये थिंफू येथे सरकार आणि तमिळ संघटना समोरासमोर बसल्या. दुसरीकडे लिट्टे, टेलो, ईपीआरएलएफ, इरॉस, प्लॉट या सशस्त्र गटांना भारतीय भूमीवर आश्रय आणि गुप्तचर यंत्रणेमार्फत प्रशिक्षण मिळाले. मध्यस्थ आणि पाठीराखा या दोन्ही भूमिका भारताकडे एकाच वेळी होत्या. पुढच्या गुंत्याची सुरुवात येथेच झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

१९८७ च्या मे महिन्यात श्रीलंकेच्या लष्कराने जाफना द्वीपकल्पातील वडमराच्ची भागात मोठी चढाई केली. मदतसामग्री घेऊन निघालेल्या भारतीय नौकांना ३ जून रोजी श्रीलंकेच्या नौदलाने परत पाठवले. दुसऱ्या दिवशी मिराज लढाऊ विमानांच्या संरक्षणात पाच एएन-३२ विमानांनी जाफन्यावर सुमारे २५ टन सामग्री टाकली. ‘पूमालै’ नावाच्या या कारवाईत सामग्रीपेक्षा संदेश मोठा होता: जाफना पडू दिला जाणार नाही. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत करार झाला.

कराराची रचना

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. श्रीलंकेची एकात्मता मान्य करण्यात आली. देश बहुवांशिक आणि बहुभाषिक असल्याचे नमूद झाले. उत्तर आणि पूर्व हे प्रांत तात्पुरते एकत्र करून त्यांना निर्वाचित परिषद द्यायची आणि विलीनीकरण कायम ठेवायचे की नाही याचा कौल पूर्व प्रांताने १९८८ अखेरपर्यंत द्यायचा, असे ठरले. सहीनंतर ४८ तासांत शस्त्रसंधी आणि शस्त्रसंधीनंतर ७२ तासांत गटांनी शस्त्रे खाली ठेवायची होती. जोडपत्रात अशी तरतूद होती की गरज भासल्यास शस्त्रसंधीची हमी देण्यासाठी आणि ती अमलात आणण्यासाठी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिसैन्याला पाचारण करू शकतील. सोबत देवाणघेवाण झालेल्या पत्रांत त्रिंकोमाली बंदर, तिथल्या तेलटाक्या आणि परकी लष्करी व गुप्तचर उपस्थिती यांविषयी भारताला आश्वासने मिळाली.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पहिली, ही संयुक्त राष्ट्रांची मोहीम नव्हती. दोन सरकारांमधल्या करारातून आलेली ती एकट्या भारताची फौज होती. दुसरी, शस्त्रे ज्यांनी खाली ठेवायची होती त्यांची करारावर सही नव्हती. लिट्टेचे नेते वेलुपिल्लै प्रभाकरन यांना सहीपूर्वी दिल्लीत आणून हॉटेलात ठेवले होते आणि त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न झाला. ४ ऑगस्ट रोजी सुदुमलै येथील सभेत त्यांनी भारताच्या इच्छेपुढे मान तुकवल्यासारखे भाषण केले, पण स्वतंत्र ईळमचे (तमिळ राज्याचे) ध्येय सोडले नाही. कोलंबोतही एकमत नव्हते. पंतप्रधान रणसिंघे प्रेमदासा कराराच्या विरोधात होते, शहरात दंगली उसळल्या होत्या आणि ३० जुलै रोजी मानवंदनेच्या वेळी एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने वार केला.

बत्तीस महिने

मेजर जनरल हरकिरत सिंग यांच्या नेतृत्वाखालील ५४ वी डिव्हिजन प्रथम जाफन्यात उतरली. मोहिमेची एकूण सूत्रे पुण्यात मुख्यालय असलेल्या दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल देपिंदर सिंग यांच्याकडे होती. सुरुवातीला तमिळ नागरिकांनी जवानांचे हार घालून स्वागत केले. काही शस्त्रे जमा झाली, बरीच झाली नाहीत. सप्टेंबरमध्ये लिट्टेचे तिलीपन आमरण उपोषणात मरण पावले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या १७ जणांना कोलंबोला नेण्याचा आग्रह सरकारने धरला. ५ ऑक्टोबर रोजी त्यांनी पलाली तळावर सायनाइड घेतले आणि १२ जण मेले. त्यानंतर लिट्टेने पूर्व भागात सिंहली नागरिकांची हत्याकांडे केली. आठवड्याच्या आत शांतिसेनेला जाफना ताब्यात घेण्याचा आदेश मिळाला.

या ‘ऑपरेशन पवन’ची सुरुवातच जाफना विद्यापीठाच्या मैदानावरच्या हेलिकॉप्टर-उतरणीने झाली. तिथे शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांच्या तुकडीतले २९ मारले गेले. पुढची लढाई गल्लीबोळांत आणि पेरलेल्या सुरुंगांमधून झाली. जाफना घेताना दोनशेहून अधिक जवान कामी आले. लिट्टेने शहर सोडून वन्नीच्या जंगलाचा आसरा घेतला आणि मोहीम दीर्घकाळच्या बंडखोरीविरोधी युद्धात बदलली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना वीरमरण आले. शांतिसेनेतील एकमेव परमवीर चक्र त्यांना मरणोत्तर मिळाले.

राजकीय आघाडीवर नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेच्या राज्यघटनेत १३ वी दुरुस्ती होऊन प्रांतिक परिषदा आल्या. वर्षभराने, नोव्हेंबर १९८८ मध्ये ईशान्य परिषदेची निवडणूक झाली. लिट्टेने बहिष्कार टाकला आणि ईपीआरएलएफचे वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले. त्याच काळात दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना म्हणजे जेव्हीपीने भारतविरोधाच्या लाटेवर रक्तरंजित उठाव केला होता. डिसेंबर १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या प्रेमदासांनी १ जून १९८९ रोजी भारतीय फौजेने जुलैअखेर परत जावे, अशी जाहीर मागणी केली; लिट्टेशी बोलणी त्याआधीच सुरू झाली होती. त्यांच्या सरकारने शांतिसेनेविरुद्ध लढणाऱ्या लिट्टेला शस्त्रेही पुरवली. डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले आणि माघारीला वेग आला. परतलेल्या जवानांच्या मद्रासमधील स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जून १९९० मध्ये लिट्टे आणि श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली.

पहिली भूमिका : जाणे भाग होते

ही भूमिका सर्वांत सविस्तर मांडली ती तेव्हाचे कोलंबोतील भारतीय उच्चायुक्त जे. एन. दीक्षित यांनी, ‘असाइनमेंट कोलंबो’ या १९९८ च्या पुस्तकात. तिचा गाभा असा: भारतापुढे निवडीला फार वाव नव्हता. तमिळनाडूतील भावना धुमसत होती. जाफना पडला असता तर तिथला नरसंहार आणि निर्वासितांचा लोंढा दोन्ही टळले नसते. जयवर्धने सरकार इस्रायल, पाकिस्तान आणि ब्रिटिश भाडोत्री प्रशिक्षक यांच्याकडून लष्करी मदत घेत होते. शीतयुद्धाच्या काळात दक्षिण सीमेवर अशी उपस्थिती दिल्लीला धोक्याची वाटत होती. आणि स्वतंत्र ईळम तर भारतालाही नको होता, कारण वंश-भाषेच्या आधारावर देश फुटण्याचा पायंडा भारताच्या अंगावर उलटला असता.

या भूमिकेचे समर्थक असेही दाखवतात की कराराचे काही फलित टिकले. १३ वी दुरुस्ती आजही घटनेत आहे. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळाला. त्रिंकोमालीत परकी नौदलाने तळ ठोकला नाही. दीक्षित यांनी स्वतः काही अंदाज चुकल्याचे मान्य केले. लिट्टेच्या निष्ठुर निर्धाराचे मोजमाप कमी पडले, हा त्यातला मुख्य. पण चुकलेला अंदाज आणि चुकलेले धोरण यांत ते फरक करतात.

दुसरी भूमिका : हेतू ठीक, अंमल सदोष

हे लेखन बहुतांशी सेनाधिकाऱ्यांचे आहे. देपिंदर सिंग, एस. सी. सरदेशपांडे आणि हरकिरत सिंग या तिघांनीही पुस्तके लिहिली. त्यांच्या तक्रारी बऱ्याच अंशी सारख्या आहेत. फौज शांतता राखण्याच्या तयारीने गेली आणि दोन महिन्यांत तिला लढायला सांगितले गेले. नकाशे आणि माहिती अपुरी होती. परराष्ट्र खाते, गुप्तचर संस्था आणि लष्कर यांच्यात सूत्र एक नव्हते. काल ज्यांना प्रशिक्षण दिले त्यांच्याशी एका यंत्रणेचे संबंध चालूच होते आणि दुसरी त्यांच्याशी लढत होती.

लढाईचा निर्णय कसा झाला यावर साक्षी जुळत नाहीत. लष्करप्रमुख जनरल सुंदरजी यांनी लिट्टेला काही आठवड्यांत नमवता येईल असे आश्वासन दिल्याचे दीक्षित लिहितात. बळाचा मार्ग धरला तर सैन्य वर्षानुवर्षे अडकेल, असा इशारा आपण दिला होता, असे देपिंदर सिंग यांचे म्हणणे. हरकिरत सिंग यांनी तर लिहिले की सप्टेंबर १९८७ मध्ये बोलणीसाठी येणाऱ्या प्रभाकरनला पकडण्याची किंवा गोळी घालण्याची सूचना दीक्षित यांनी दिली आणि आपण ती नाकारली. २००७ मध्ये हे पुस्तक आले तेव्हा दीक्षित आणि सुंदरजी दोघेही हयात नव्हते.

याच भूमिकेचा एक पोटभाग माघारीविषयी आहे. शांतिसेनेचे नंतरचे सेनापती लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट यांचे प्रतिपादन असे की १९८९ पर्यंत लिट्टे जंगलात कोंडली गेली होती, निवडणूक झाली होती आणि लष्कराने आपले काम केले होते. ते राजकारणाने सोडून दिले. विरोधक विचारतात की परक्या फौजेच्या पहाऱ्यात उभे राहिलेले आणि ती निघताच कोसळलेले प्रशासन यश मानावे का. पेरुमाळ यांची परिषद टिकवण्यासाठी तमिळ तरुणांची सक्तीने भरती करून ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभारली गेली आणि माघारीनंतर लिट्टेने त्यातल्या अनेकांना मारले. ही वस्तुस्थिती कालकट यांच्या युक्तिवादाला अवघड जाते.

तिसरी भूमिका : संमतीचा पाया कच्चा

कायद्याच्या अंगाने पाहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दुसऱ्या देशाविरुद्ध बळाच्या वापराला मनाई आहे. मात्र मान्य सरकारच्या निमंत्रणावरून सैन्य पाठवणे साधारणतः वैध धरले जाते. निकाराग्वा खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जून १९८६ मध्ये हाच भेद अधोरेखित केला: बंडखोरांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देणे म्हणजे बेकायदा हस्तक्षेप, सरकारच्या विनंतीवरून मदत ही वेगळी बाब. या निकषावर १९८३ नंतरचे गटांचे प्रशिक्षण आणि पूमालैमधील हवाई हद्दीचा भंग यांचे समर्थन करणे कठीण जाते. शांतिसेनेची उपस्थिती मात्र निमंत्रणामुळे बचावते.

पण निमंत्रण खरे होते का? पूमालैनंतरच्या धाकाखाली दिलेली संमती मुक्त म्हणता येईल का, असा आक्षेप घेतला जातो, आणि धमकीने घडवलेला करार शून्यवत ठरवणारी व्हिएन्ना करारातील तरतूद पुढे केली जाते. उलट बाजू अशी की जयवर्धने यांनी करार कधी नाकारला नाही. १३ वी दुरुस्ती त्यांच्याच काळात संमत झाली आणि उत्तरेतली जबाबदारी भारतावर टाकल्यामुळे त्यांना दक्षिणेतील जेव्हीपीविरुद्ध सैन्य वळवता आले. ‘आंतरराष्ट्रीय कायदा संस्थे’ने १९७५ च्या वीसबाडन ठरावात एक कडक तत्त्वही मांडले होते: यादवीत बाहेरच्यांनी सरकारलाही मदत करू नये, कारण त्या क्षणी देशाच्या वतीने कोण बोलतो हेच वादात असते. राज्यांच्या प्रत्यक्ष वागण्यात हे तत्त्व रुजले नाही, पण श्रीलंकेच्या उदाहरणात ते वारंवार आठवले जाते.

संमतीचे दुसरे टोक १९८९ मध्ये दिसले. ज्या पदाने बोलावले त्याच पदाने जा म्हटल्यावर थांबता येते का? माघार आणि सत्ताविभागणी या कराराच्या जोडीने चालणाऱ्या गोष्टी आहेत, असे भारताचे म्हणणे होते. संमती मागे घेतली की विषय संपतो, असे कोलंबोचे. सप्टेंबर १९८९ मध्ये दोन्ही सरकारांनी माघारीचे वेळापत्रक ठरवले आणि प्रश्न व्यवहारात सुटला. तत्त्वात तो तसाच राहिला.

चौथी भूमिका : श्रीलंकेतून पाहताना

सिंहली लेखनात दोन सूर आहेत. राष्ट्रवादी सूर हस्तक्षेपाला सार्वभौमत्वावरचा घाला मानतो: विजय हाताशी असताना भारताने लिट्टेला वाचवले आणि प्रांतिक परिषदा लादल्या. इतिहासकार के. एम. डी सिल्वा यांच्यासारखे अभ्यासक थोडा वेगळा विचार करतात. लहान राष्ट्राने प्रादेशिक सत्तेच्या चिंता न ओळखता परराष्ट्र धोरण चालवले तर काय होते, हाही त्यांचा विषय आहे.

तमिळ लेखनातला सूर वेदनेचा आहे. २१ ऑक्टोबर १९८७, दिवाळीचा दिवस: जाफना रुग्णालयात शिरलेल्या भारतीय जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठहून अधिक माणसे मारली गेली. लिट्टेने तिथून गोळीबार केला होता, ही लष्कराची बाजू. वाचलेल्या कर्मचाऱ्यांच्या साक्षी हत्या जाणूनबुजून झाल्याचे सांगतात. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरै येथे नागरिक मारले गेले त्याविषयीही असेच परस्परविरोधी वृत्तांत आहेत. या काळाची सर्वांत प्रामाणिक नोंद म्हणून जाफना विद्यापीठातील चार अध्यापकांच्या ‘द ब्रोकन पामायरा’ या ग्रंथाकडे पाहिले जाते. शांतिसेना, लिट्टे, भारताच्या छत्राखालचे गट, सरकार, कोणालाही या ग्रंथाने सूट दिली नाही. या चार अध्यापकांपैकी एक, शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापक राजनी तिराणगमा यांची २१ सप्टेंबर १९८९ रोजी घराजवळ गोळ्या घालून हत्या झाली. हत्येचा आरोप लिट्टेवर आहे.

पूर्वेकडील मुस्लिमांचा आवाज या वादात सर्वांत कमी ऐकू येतो. उत्तर-पूर्व विलीनीकरणामुळे आपण कायमचे अल्पसंख्य ठरू, ही त्यांची भीती करार करताना कोणी विचारात घेतली नाही, अशी तक्रार त्यांचे प्रतिनिधी सातत्याने करत आले.

व्यापक अभ्यासाच्या कसोटीवर

यादवी युद्धांच्या तुलनात्मक अभ्यासात दोन निष्कर्ष येथे उपयोगी पडतात. अमेरिकी अभ्यासक पॅट्रिक रीगन यांना असे आढळले की बाहेरचा हस्तक्षेप साधारणपणे यादवी लांबवतो. बार्बरा वॉल्टर यांनी १९९७ मध्ये दुसरी बाजू मांडली: वाटाघाटीतून यादवी मिटण्यातला मोठा अडथळा शस्त्रे ठेवण्याच्या क्षणाचा असतो, कारण त्यानंतर आपले रक्षण कोण करील याची खात्री कोणालाच नसते, तिथे विश्वासार्ह तिसऱ्या हमीदाराची गरज पडते. वरवर पाहता हे निष्कर्ष एकमेकांना छेद देतात. श्रीलंकेच्या उदाहरणात दोन्ही लागू पडतात. भारत नेमका वॉल्टर यांच्या अर्थाने हमीदार म्हणून गेला. पण हमी ज्यांच्यातली होती त्यांपैकी एकाने सही केली नव्हती, दुसऱ्याने अनिच्छेने केली होती, आणि हमीदार स्वतः एका पक्षाचा जुना पाठीराखा होता. गावच्या व्यवहारातही ऋणकोने कागदावर अंगठाच उठवला नसेल तर जामीनदारावर काय वेळ येते, हे सगळे जाणतात.

आजूबाजूची दोन उदाहरणे फरक स्पष्ट करतात. १९७१ मध्ये जेव्हीपीच्या पहिल्या उठावात पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांच्या विनंतीवरून भारताने मर्यादित लष्करी मदत दिली. नोव्हेंबर १९८८ मध्ये, शांतिसेना श्रीलंकेत अडकलेली असतानाच, मालदीवमधील बंड भारतीय छत्रीधारी सैनिकांनी मोडून काढले. दोन्ही ठिकाणी निमंत्रण निःसंदिग्ध होते, काम नेमके होते आणि नव्या राज्यरचनेची हमी द्यायची नव्हती.

एकमत कुठे झाले आहे

इतक्या मतभेदांतूनही काही बाबी बहुतेकांनी मान्य केल्या आहेत. गटांना शस्त्रे देणे आणि त्याच वेळी मध्यस्थी करणे विसंगत होते. लिट्टेच्या बांधिलकीशिवाय ७२ तासांत निःशस्त्रीकरणाची कालमर्यादा अवास्तव होती. शांतता राखणारी फौज लढाईला जुंपली जाताना तिचा आदेश, रचना आणि माहितीचे स्रोत वेळेत बदलले गेले नाहीत. आणि सरकारची संमती म्हणजे युद्धातल्या सर्व पक्षांची संमती नव्हे.

भारताच्या पुढच्या वागण्यावरही या अनुभवाची छाप पडली. २००० मध्ये एलिफंट पास पडून जाफना पुन्हा संकटात आला तेव्हा कोलंबोने मदत मागितली. दिल्लीने सैनिकी हस्तक्षेप नाकारला. २००२ च्या शस्त्रसंधीची मध्यस्थी नॉर्वेने केली. २००९ मध्ये युद्धाचा शेवट होताना भारत दबाव आणि गुप्त पाठिंबा यांच्या पलीकडे गेला नाही. या संयमाची किंमत अखेरच्या महिन्यांत अडकलेल्या तमिळ नागरिकांनी मोजली का, हा त्यातून उपजलेला नवा वाद आहे. भारताचे माजी परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी ‘चॉइसेस’ या पुस्तकात त्याची अधिकृत बाजूच्या जवळ जाणारी मांडणी केली आहे.

अनिर्णित काय

तीन गोष्टी उघड्या आहेत. पहिली राजकीय. उत्तर-पूर्व विलीनीकरण श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००६ मध्ये अवैध ठरवले. पूर्व प्रांताचा कौल कधी घेतलाच गेला नाही. जमीन आणि पोलीस यांविषयीचे अधिकार प्रांतांकडे पूर्णपणे गेले नाहीत. २०१३ मध्ये निवडलेल्या उत्तर परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक लांबत गेली. भारताने अनेक उच्चस्तरीय भेटींत १३ व्या दुरुस्तीचा उल्लेख केला आहे. म्हणजे हमी कागदावर जिवंत आहे. ती पाळून घेण्याचे साधन मात्र भारताने १९९० मध्येच सोडून दिले.

दुसरी जबाबदारीची. जाफना रुग्णालय आणि वल्वेट्टितुरै येथील घटनांची स्वतंत्र चौकशी होऊन निष्कर्ष जाहीर झालेले नाहीत. कोलंबोजवळ बत्तरमुल्ल येथे शांतिसेनेच्या हुतात्म्यांचे स्मारक आहे. भारतीय पंतप्रधानही तिथे आदरांजली वाहतात. मारल्या गेलेल्या नागरिकांसाठी दोन्ही सरकारांनी मिळून मान्य केलेली नोंद नाही.

तिसरी पुराव्याची. आज उपलब्ध असलेले जवळजवळ सगळे भारतीय लेखन सहभागी व्यक्तींच्या आठवणींवर उभे आहे आणि त्या आठवणी नेमक्या कळीच्या जागी एकमेकींना खोटे पाडतात: लढाईचा सल्ला कोणी दिला, इशारा कोणी दिला, प्रभाकरनविषयीची सूचना खरी होती का. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धेतिहासाचे संकलन आणि साधारण २५ वर्षांनी कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले. या धोरणानुसार १९८७–९० चे दप्तर अभ्यासकांना खुले व्हायला हवे. ते खुले झाले तर दुसऱ्या भूमिकेतले बरेच वाद पुराव्यावर निकाली निघू शकतात. पहिल्या आणि तिसऱ्या भूमिकेतला वाद मात्र कागदपत्रांनी संपणारा नाही. शेजारचे राष्ट्र फुटण्याच्या बेतात असताना त्याच्या सरकारची अर्धी-मुर्धी संमती पुरेशी मानायची का, हा निवाड्याचा प्रश्न आहे आणि पुढच्या प्रत्येक सरकारला तो नव्याने सोडवावा लागेल.